धातुशोधक यंत्राची वाणी



मोठ्या स्टेशनावर किंवा विमानतळावर शिरतांना एक शिपाई चपटें काळें दांडकें आपल्या अंगावरून फिरवितो, हें तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. खिशांतील किल्ल्यांपाशीं तें आलें कीं लगेच ओरडतें. किल्ली असो, चाकू असो, कीं कमरपट्ट्याचें बक्कल असो, त्याचें ओरडणें एकच. येथें धातु आहे, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. परंतु शेतांत किंवा समुद्रकिनाऱ्यावर जमिनीखालची वस्तु शोधणाऱ्याचें तेवढ्यानें भागत नाहीं. खालीं रुप्याचें नाणें आहे कीं गंजलेला खिळा, हें खणण्यापूर्वींच कळावें असें त्याला वाटतें. म्हणून त्याचें यंत्र निरनिराळ्या सुरांत बोलतें, आणि कोणत्या धातूस कोणता सूर द्यावा हें ठरविण्याची कळहि पुष्कळदां त्याच्याच हातीं दिलेली असते. हे सूर कसे उत्पन्न होतात व त्यांची निवड कशी करावी, याचा आज विचार करूं.

यंत्राची रचना

यंत्राच्या खालच्या टोंकास जी थाळी असते, तींत तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं बसविलेलीं असतात. पहिल्यांतून दिशा सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडितात. ही अदलाबदल एका सेकंदांत कांहीं हजार वेळां होते. त्यामुळें थाळीभोंवतीं तसेंच बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. दुसरें वेटोळें अशा बेतानें ठेविलेलें असतें कीं, जवळ धातु नसतां त्यांत जवळजवळ कांहींच प्रवाह वाहूं नये. हा एक तराजूच म्हणा; दोनहि पारडीं समान आहेत तोंवर सर्व शांत. थाळीखालीं धातु आला कीं त्याच्यांत भोंवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचें स्वतःचें लहानसें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें, आणि तराजू ढळतो.

मात्र हे प्रवाह सर्व वस्तूंत सारख्याच वेगानें उठत व शमत नाहींत. चांदी व तांबें यांतून वीज सुलभपणें वाहते. त्यांच्या जाड नाण्यांत उठलेला प्रवाह लवकर विरत नाहीं, म्हणून त्याचें उत्तर उशिरा येतें. पातळ पत्र्यांत तो लवकर विरतो. लोखंड तर स्वतःच चुंबकाच्या आधीन होणारें. त्याचें उत्तर निराळ्याच तऱ्हेचें. उत्तरांतील हा फरक यंत्र मोजतें व त्याप्रमाणें सूर काढितें. लोखंडास खर्जांतला, पातळ व लहान वस्तूंस मध्य सप्तकांतला, आणि चांदीच्या जाड नाण्यास तार सप्तकांतला सूर द्यावा, असा सामान्य प्रघात आहे.

एका अध्यक्षाची कथा

ही विद्या कालपरवांची नव्हे. दोन वेटोळ्यांचा असा तराजू डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञानें १८७९ मध्यें पुढें आणिला होता. दोन वर्षांनीं, २ जुलै १८८१ रोजीं, अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांजवर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत गोळी झाडण्यांत आली. हे गृहस्थ तरुणपणीं शिक्षक व उपदेशक होते. गोळी शरीरांत कोठें रुतली हें वैद्यांस कळेना, आणि क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षें अवकाश होता. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं ह्यूजच्या तत्त्वावर यंत्र सिद्ध केलें. धातु जवळ येतांच टेलिफोनच्या कर्णयंत्रांत ध्वनि उमटे. पूर्वींच्या युद्धांत गोळी लागून ती अंगांतच राहिलेल्या शिपायांवर त्यांनीं तें पारखून पाहिलें व तें बरोबर चाललें. परंतु अध्यक्षांच्या शय्येपाशीं मात्र स्पष्ट उत्तर मिळेना. १ ऑगस्ट रोजीं दुसऱ्यांदा पाहिलें, तर मंद ध्वनि एका ठिकाणीं नव्हे, बऱ्याच मोठ्या भागावर येत राहिला. मागाहून कळलें कीं, बिछान्याच्या गादीखालीं पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या! शिवाय गोळी उजवीकडेच आहे असा मुख्य वैद्याचा आग्रह असल्यामुळें शोध उजव्या बाजूसच झाला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष वारले. उत्तरीय तपासणींत गोळी डावीकडे सांपडली.

या कथेंत यंत्र खोटें बोललें नाहीं. धातु आहे असें तें म्हणालें, आणि धातु होताच. पण त्या यंत्रास वाणी एकच होती, आणि ऐकणारांनीं उत्तर कोणत्या बाजूचें असावें हें आधींच ठरवून टाकिलें होतें.

सुरांची निवड

आतां निवडीचे नियम सांगतों.

पहिला नियम असा कीं, नवशिक्यानें तीन सुरांनीं आरंभ करावा. एकसुरी मांडणींत कानास श्रम थोडे, पण बोध त्याहून थोडा. उलट, प्रत्येक वस्तूस वेगळा सूर देणारी बहुसुरी मांडणी निष्णातास उपयोगी. कचऱ्याच्या जागीं नवशिक्यास ती केवळ कोलाहल वाटते.

दुसरा नियम, सूर आपल्या कानास जुळवून घ्यावा. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें दोन ते पांच हजार कंपनांच्या ध्वनीस अधिक तीक्ष्ण असतो. वय वाढतें तसे अति उंच सूर प्रथम ऐकूं येईनासे होतात. म्हणून आजोबांनीं चांदीचा सूर कांहींसा खालीं आणावा. नातवास जो सूर गोड, तो आजोबांस ऐकूंच येणार नाहीं, आणि नाणें जमिनींतच राहील.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. लोखंडास अगदीं मुकें करूं नये. तशी सोय यंत्रांत असते, आणि खिळे खणून कंटाळलेल्या मनुष्यास तिचा मोह पडतो. पण खिळ्याशेजारीं नाणें पडलें असेल, तर खिळ्याबरोबर नाण्याचाहि आवाज दबूं शकतो. लोखंडाचा सूर खर्जांत व हलका ठेवावा. तो असावा, पण त्यानें इतरांस बोलूं द्यावें.

चौथा नियम, सूर हा पुरावा नव्हे, सूचना आहे. सोन्याची पातळ अंगठी व अल्युमिनियमच्या डब्याचें झांकण एकाच सुरांत बोलूं शकतात. वांकडा, गंजलेला लोखंडी तुकडा कधीं कधीं चांदीची नक्कल करितो. ज्यास असें यंत्र हाताळावयास मिळेल, त्यानें जुना रुप्याचा रुपया, पितळी अंगठी, खिळा व चांदीसारखा चकाकणारा वेष्टनाचा कागद जमिनीवर मांडावे आणि डोळे मिटून सूर ओळखण्याचा सराव करावा. आजचा रुपया या कामीं घेऊं नये. तो पोलादाचा असून त्यास चुंबक ओढतो.

हेतूप्रमाणें निवड

निवड शेवटीं हेतूवर अवलंबून आहे. इंग्लंडांत सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं नोव्हेंबर १९९२ मध्यें एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधण्यास त्याचे मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन गेले. लोखंड मुकें ठेवून हातोडा सांपडणें कठीणच! शोधतां शोधतां त्यांस रोमन काळचीं सोन्यारुप्याचीं नाणीं व चमचे लागले. लोभानें सर्व उकरून न काढतां त्यांनीं अधिकाऱ्यांस वर्दी दिली. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं तो ठेवा जसाच्या तसा व्यवस्थित बाहेर काढिला. नाणीं सुमारें पंधरा हजार भरलीं. हातोडाहि सांपडला, आणि तोहि ब्रिटिश म्युझियममध्यें गेला. आपल्या देशांतहि १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा भूमिगत ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यांवर परवानगीवांचून खणणें गुन्हा आहे.

याहून गंभीर हेतु सुरुंग काढणारांचा. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे यूझेफ कोसात्स्की यांनीं ब्रिटनमध्यें सुरुंगशोधक यंत्र तयार केलें, व १९४२ मध्यें एल अलामीनच्या रणभूमीवर तें उपयोगास आलें. कंबोडिया व अंगोला या देशांत युद्धें संपल्यावरहि सुरुंग जमिनींत राहिले, आणि शेतकरी व मुलें त्यांना बळी पडलीं. पुष्कळ सुरुंगांचें कवच प्लॅस्टिकचें असून आंत धातूची एखादी बारीक कीलच असते. तेथें हा सूर खिळ्याचा, सोडून द्या, असें म्हणण्याची मुभा नाहीं. प्रत्येक क्षीण सूर सुरुंगाचाच आहे असें धरून गुडघे टेकून, तसूतसूनें माती दूर करावी लागते. शंभर वेळां खिळा निघाला, तरी पुढच्या वेळीं तितकीच सावधगिरी. त्या वाटेनें उद्यां कोणाचें तरी लेंकरूं शाळेस जाणार असतें.

बालमित्रांनो, होरेब पर्वतावर एलीया संदेष्ट्यास देवाची भेट वाऱ्यांत, भूकंपांत वा अग्नींत झाली नाहीं, तर मागून आलेल्या मंद वाणींत झाली, हें तुम्ही शास्त्राच्या तासास वाचिलें आहे. आपल्या अंतःकरणांतहि असें एक यंत्र आहे. जो सूर नकोसा वाटतो तो बंद करण्याची कळ तेथेंहि आपल्याच हातीं आहे. ती फिरविण्यापूर्वीं गादीखालच्या स्प्रिंगांची आठवण ठेवा, उजवी बाजू पाहून झाली असेल तर डावीहि पाहा, आणि मग काय तें ठरवा.