शिमाबारा : किल्ला, डोंगर आणि पाणी

ज्या शाळेंत जगाचा नकाशा असेल तेथील शिक्षकांनीं तो भिंतीवर लावावा, आणि जपान देशाच्या नैर्ऋत्येकडील क्यूशू नांवाच्या मोठ्या बेटावर बोट ठेवावें. त्या बेटाच्या पश्चिम अंगास नागासाकी प्रांत आहे, व त्या प्रांतांतून एक द्वीपकल्प समुद्रांत शिरलेलें आहे. त्याच्या मध्यभागीं उनझेन हा ज्वालामुखी पर्वत आहे. पूर्वेकडे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत, शिमाबारा हें लहानसें शहर वसलें आहे. वस्ती 40,000 च्या आसपास. समोर आरिआके नांवाचा उथळ समुद्र, व पलीकडे कुमामोतो; त्या मुलखास पूर्वीं हिगो म्हणत.

शहराच्या मधोमध किल्ला आहे. आपल्या सह्याद्रींतील गडांप्रमाणें तो उंच माथ्यावर नसून वस्तींतच आहे. भोंवतीं रुंद खंदक, त्यावर दगडी तट, आणि आंत पांढऱ्या भिंतींचा पांच मजली बुरूज. पाहणारा म्हणेल, केवढा हा वैभवशाली राजा असावा! परंतु गोष्ट तशी नाहीं, आणि तीच आज आम्हांस सांगावयाची आहे.

सोळाव्या शतकांत हा मुलूख आरिमा घराण्याकडे होता. रोमन मंडळीच्या मिशनऱ्यांच्या उपदेशानें तेथील सरदारानें बाप्तिस्मा घेतला व रयतेपैकीं पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. 1582 सालीं क्यूशूंतील ख्रिस्ती सरदारांच्या वतीनें आरिमाच्या पाठशाळेंतील चार मुलगे रोमास पाठविण्यांत आले. जातां-येतां ते आपल्या गोव्यांत राहिले, आणि 1590 सालीं परतले तेव्हां त्यांच्याबरोबर छापखान्याचें यंत्र होतें. तें ह्याच द्वीपकल्पावरील काझुसा गांवीं मांडलें गेलें. पुढें 1614 सालीं साऱ्या देशांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली व आरिमा घराण्यास दुसरीकडे हलविण्यांत आलें. त्यांचे कित्येक शिपाई मात्र मागेंच राहिले आणि नांगर धरून शेतकरी झाले. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

1616 सालीं मात्सुकुरा शिगेमासा हा नवा सरदार आला. जपानांत त्या काळीं मुलखाची योग्यता भाताच्या पिकावरून ठरे. एका मनुष्यास वर्षभर पुरेल इतक्या तांदळाच्या मापास कोकु म्हणत. मात्सुकुराचा मुलूख सुमारें 40,000 कोकूंचा; पण त्यानें 1618 पासून सात वर्षें खपून जो किल्ला बांधला, तो एक लाख कोकूंच्या धन्यास शोभेल असा. पैसा व मजूर कोठून आले हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वेठ आणि सारा हे शब्द आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. जमिनीची मोजणी फुगवून सारा वाढविला. चुलीवर, खिडकीवर, जन्मावर आणि मरणावरही कर बसविले, असें त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. ज्यांना कर देतां येईना त्यांच्या अंगावर पावसांत घ्यावयाचें गवती इरलें बांधून तें पेटवून देत. जे ख्रिस्ती धर्म सोडीनात त्यांना उनझेनच्या उकळत्या कुंडांवर नेऊन छळीत. बाप 1630 सालीं मेला. मुलगा कात्सुइए हा रहबामासारखा निघाला, म्हणजे बापाचें जूं त्यानें अधिकच जड केलें.

1637 च्या डिसेंबरांत लोकांचा धीर सुटला. आरिमा गांवीं सरकारी अंमलदार मारला गेला व बंड पसरलें. शिमाबाराच्या किल्ल्यावर हल्ला झाला, परंतु तो पडला नाहीं. मग समुद्रापलीकडील आमाकुसा बेटावरील बंडवाले येऊन मिळाले, आणि सर्व जण बायकामुलांसह दक्षिणेकडील हारा नांवाच्या ओसाड किल्ल्यांत शिरले. सदतीस हजार माणसें होतीं असें सांगतात. त्यांचा पुढारी आमाकुसा शिरो हा सुमारें सोळा वर्षांचा मुलगा होता. लाखावर सरकारी फौजेनें वेढा दिला. डच लोकांच्या जहाजानेंही तोफा डागल्या. ते आपणांस प्रॉटेस्टंट म्हणवीत, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. अखेर अन्न संपलें, आणि 1638 च्या एप्रिलांत किल्ला पडला. आंतील जवळजवळ प्रत्येक जण मारला गेला.

हें बंड धर्माचें कीं पोटाचें? मात्सुकुरानें तें ख्रिस्ती लोकांचें कारस्थान ठरविलें, कारण त्यामुळें त्याचा स्वतःचा दोष झांकला जात होता. पण सरकारानें बंड मोडल्यावर त्याच सालीं त्याचाही शिरच्छेद केला. एवढ्यावरून खरें कारण वरिष्ठांसही कळलें होतें असें दिसतें. तरी धर्माचा संबंध नव्हता असेंही म्हणतां येत नाहीं. हाराच्या मातींत अलीकडे खणतांना बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून केलेले लहान लहान क्रूस सांपडले आहेत. ज्या शिशानें शत्रूस मारावयाचें, त्याचाच क्रूस करून उपाशी माणसानें उराशीं धरला. ह्या लोकांनीं देवळें जाळलीं आणि रक्तही सांडलें. रोमन मंडळीनें त्यांची गणना हुतात्म्यांत केलेली नाहीं, आणि आम्हीही करणार नाहीं. परंतु ज्यानें इरल्यांत जळणारा शेजारी पाहिलेला नाहीं त्यानें त्यांचा न्याय करण्याची घाई करूं नये.

पुढील वर्षीं, 1639 सालीं, पोर्तुगीज लोकांस जपानाची दारें बंद झालीं. ख्रिस्ती धर्माविरुद्धच्या हुकुमाच्या पाट्या 1873 सालींच उतरल्या. द्वीपकल्पाच्या दक्षिण भागांतील गांवें ओस पडलीं होतीं. तेथें इतर प्रांतांतून शेतकरी आणून वसविण्यांत आले. आज त्या भागांत हातानें ताणलेल्या बारीक शेवया फार होतात, व ती विद्या ह्याच नव्या वस्तीकऱ्यांनीं आणली असें लोक म्हणतात.

दुसरें संकट डोंगरानें आणलें. 21 मे 1792 रोजीं, भूकंपानें हादरून, शहरामागील मायुयामा डोंगराचा एक कडा तुटून समुद्रांत कोसळला. त्यानें उठलेल्या लाटा पलीकडील हिगोच्या किनाऱ्यावर आदळल्या. दोन्ही तीरांवर मिळून सुमारें 15,000 माणसें मेलीं. शहरासमोरील समुद्रांत जीं चिमुकलीं बेटें दिसतात तीं त्याच डोंगराचे तुकडे होत.

त्याच उत्पातानें जमीन फाटून शहरांत ठिकठिकाणीं गोड्या पाण्याचे झरे फुटले. आज रस्त्याकडेच्या पाटांत रंगीत मासे पोहतात. जुन्या पायदळ शिपायांच्या आळींत रस्त्याच्या मधून दगडी पाट वाहतो. तें पिण्याचें पाणी असल्यामुळें तें मळूं नये म्हणून पूर्वीं स्वतंत्र अधिकारी असे. हामानोकावा येथें झऱ्यास ओळीनें हौद बांधले आहेत : वरच्यांत अन्न धुवावें, पुढच्यांत भांडीं, शेवटच्यांत कपडे. हौद वांटले आहेत ते कामावरून. ज्या वाचकांच्या आजोबांस गांवच्या विहिरीपासून दूर उभें राहून कोणी पाणी घालील म्हणून वाट पाहावी लागे, त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

मूळ किल्ला 1870 नंतरच्या दशकांत पाडला गेला, व आंत पिकें काढूं लागले. हल्लींचा बुरूज 1964 सालीं नव्यानें उभारलेला आहे, आणि त्यांत छळाच्या काळांतील ख्रिस्ती लोकांच्या वस्तू मांडल्या आहेत. उनझेन 1990 सालीं पुन्हां जागा झाला. 3 जून 1991 रोजीं तापलेल्या राखेचा लोट उतारावरून खालीं आला व 43 माणसें दगावलीं. त्यांत बातमीदार, आग विझविणारे आणि डोंगराचा अभ्यास करणारे परदेशी विद्वानही होते. 1995 सालीं तो शांत झाला. त्या पांच वर्षांत जें नवें शिखर उभें राहिलें, तें 1483 मीटर उंच असून आतां त्या पर्वतांतील सर्वांत उंच आहे. स्वच्छ दिवशीं बुरुजाच्या वरच्या मजल्यावरून तें उघडेंबोडकें दिसतें.