धम्म-पाठ : मूल कोणाच्या मालकीचे?



अजिंठ्याची लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात आहेत. तेथील सतराव्या लेण्यात तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. यामागची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. राहुलाने पित्याकडे वारसा मागितला, तेव्हा तथागतांच्या सांगण्यावरून सारिपुत्तांनी त्याला प्रव्रज्या दिली. आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी त्यांनी विनंती केली. तथागतांनी ती मान्य करून तसा नियमच घालून दिला.

धम्मासाठीसुद्धा मूल परस्पर नेता येत नाही. मग बंदुकीसाठी कसे नेता येईल?

तरीही ब्रह्मदेशात तसे घडले. १९५४ च्या डिसेंबरात परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, तोच हा देश. १९६२ मध्ये तेथे लष्कराने सत्ता बळकावली. १९८८ चा जनतेचा उठाव चिरडल्यावर फौज झपाट्याने वाढविली, पण शिपाई मिळेनात. भरतीचे वय कायद्याने १८ होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २००२ व २००७ च्या अहवालांत पुढचे वर्णन आहे. रेल्वे स्टेशनवर, बाजारात एकटा मुलगा गाठायचा, ओळखपत्र मागायचे आणि ते नसले की ‘तुरुंग की फौज?’ म्हणून दरडवायचे. अकरा-बारा वर्षांची मुले अठराची म्हणून लिहिली गेली. भरती करणाऱ्याला प्रत्येक मुलामागे रोकड आणि तांदूळ मिळे. पळताना सापडलेल्या मुलाला बरोबरीच्या मुलांकडूनच काठ्यांनी मारवीत. घरी निरोपही धाडू देत नसत.

२०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी करार झाला आणि शेकडो मुले सुटली. परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. त्यानंतरच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांतही बालभरतीच्या नोंदी आहेत. लष्कराविरुद्ध लढणाऱ्या काही गटांचीही नावे त्यांत आहेत.

कोणी म्हणेल, हा तर बौद्धांचा देश! पण नुसत्या नावाने कोणी बौद्ध होत नाही. उपासकाने न करावयाचे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे आणि माणसांचाही. मूल विकून तांदूळ घेणाऱ्याने धम्म सोडला, मग तो रोज विहारात का जाईना. २००७ मध्ये तेथील हजारो भिक्खूंनी लष्करी सत्ताधाऱ्यांची भिक्षा नाकारली. धम्म त्यांनी राखला.

आपण काय शिकावे? मुलाची जन्मनोंद करावी आणि शाळेचा दाखला जपून ठेवावा. कागद नसलेले मूल आधी सापडते. मुकादमाच्या उचलीपायी शाळेतले मूल कामावर धाडू नये. मूल राजाचे नाही, दलालाचे नाही आणि बापाच्या कर्जाचे तारणही नाही.

घरी विचारावयाचे प्रश्न : १) शुद्धोदनांनी काय मागितले? २) वर्ज्य पाच व्यापार कोणते? ३) आपल्या वस्तीतले कोणते मूल आज शाळेबाहेर आहे?

जयभीम!