समजा, अमेरिकेत रेल्वे आलीच नसती तर?

"एक शोध लागला आणि देशाचं नशीब पालटलं" हे वाक्य आपण फर्स्ट इयरपासून ऐकतोय. मीही पेपर प्रेझेंटेशनच्या प्रस्तावनेत ते दोनदा ठोकून दिलंय. मग रॉबर्ट फोगेल हाती लागले.

या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1964 च्या पुस्तकात कागदावर एक देश उभा केला. 1890 ची अमेरिका, जशीच्या तशी, फक्त रेल्वे नसलेली! शेती आहे, मिसिसिपी आहे, ईरी कालवा आहे, घोडागाड्या आहेत. मग एकच प्रश्न : त्या वर्षी रेल्वेने गेलेला माल बोटीने आणि गाडीने न्यायला किती जादा खर्च आला असता? या फरकाला त्यांनी 'सोशल सेव्हिंग' म्हटलं. आपण समाजाची बचत म्हणू.

पहिला हिशेब गहू, मका, गोमांस आणि डुकराचं मांस मिडवेस्टहून पूर्वेकडे नेण्याचा. नुसते दर लावले तर बचत आली उणे 3 कोटी 80 लाख डॉलर. हो, उणे! पाण्याचा दर रेल्वेपेक्षा कमीच होता. व्हायव्हाला असं उत्तर दिलं असतं तर एक्स्टर्नलने हाकललं असतं. पण फोगेल इथे थांबले नाहीत. हिवाळ्यात कालवे गोठतात, म्हणजे महिनोन्‌महिने पुरेल एवढा माल आधीच कोठारात भरा, त्यात अडकलेल्या पैशावर व्याज भरा. बोटीतून गाडीत, गाडीतून बोटीत चढउतार, त्याची हमाली वेगळी. वाटेत माल बुडाला तर तो तोटा. हे सगळं धरल्यावर बचत आली 7 कोटी 30 लाख डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.6 टक्के.

जास्त दणका बसतो तो शेतापासून जवळच्या बाजारापर्यंतच्या प्रवासात, कारण घोडागाडी फार महाग. पाण्यापासून 40 मैलांपलीकडची जमीन परवडेनाशी होते. किमतीने मोजली तर ती सुमारे पाव शेतजमीन. त्यावर फोगेल म्हणतात, मग 5,000 मैल नवे कालवे खणले असते, आणि तोटा 7 टक्के जमिनीपर्यंत खाली आला असता! शेतमालाचा सगळा हिशेब मिळून 3 टक्क्यांच्या आतच राहतो. 1993 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना डग्लस नॉर्थ यांच्यासोबत विभागून मिळालं.

खरं सांगायचं तर ही कालव्यांची गोष्ट मला पचली नाही. (सर्व्हेइंगचा एक कॅम्प करून आलेला कोणीही 5,000 मैल इतक्या सहज खणणार नाही.) 2016 मध्ये डोनाल्डसन आणि हॉर्नबेक यांनी हाच कल्पित देश पुन्हा तपासला. प्रत्येक काउंटीला किती बाजारपेठा किती खर्चात गाठता येतात हे मोजलं. रेल्वे काढली तर शेतजमिनीची किंमत 60 टक्क्यांनी उतरते, आणि नव्या कालव्यांनी त्यातलं जेमतेम 13 टक्के नुकसान भरून निघतं. गंमत म्हणजे वार्षिक तोटा पुन्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आसपासच! म्हणजे आकड्यात फोगेल फारसे चुकले नव्हते, चुकला तो कालव्यांवरचा भरवसा.

आता हाच खेळ आपल्याकडे लावा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1863 मध्ये बोरघाट पार झाला. त्याआधी देशावर मीठ आणि धान्य लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून जायचं. आपल्या नद्या उन्हाळ्यात गुडघाभर, तिथे बोट कुठली चालवणार? मिसिसिपीच नाही, तर फोगेलचा पर्यायच उरत नाही. डोनाल्डसन यांनी 1870 ते 1930 ची ब्रिटिश हिंदुस्थानची आकडेवारी घेतली. वाहतुकीचा खर्च मोजायला वापरलं मीठ, कारण ते ठराविक ठिकाणीच पिकतं. मिठागरातला भाव आणि दूरच्या गावातला भाव यांतला फरक म्हणजे वाटखर्च, झालं! त्यांचं उत्तर : जिल्ह्यात रेल्वे आल्यावर शेतीचं खरं उत्पन्न सरासरी 16 टक्क्यांनी वाढलं.

प्रस्तावनेतलं ते वाक्य मी सध्या खोडून ठेवलंय. अमेरिकेसाठी एक आणि देशासाठी एक, असं दोनदा लिहावं लागेल.