ती पत्र्याची पट्टी आधी काढ

पुणे

चि. बाळूस,

वहिनींनी काल तुझा व्हिडिओ दाखवला. लेकाने हेराल्डच्या स्टिअरिंगचा खडखडाट स्वतःच्या हाताने बंद केला, याचं त्यांना केवढं कौतुक! मी चष्मा पुसून व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. कॉलमच्या तोंडाशी कोल्ड्रिंकच्या डब्याची कापलेली पट्टी कोंबलेली, वर इन्सुलेशन टेपचे वेढे, आणि ‘आता एकदम टाइट’ हे तुझं भाष्य. शिवाय रविवारी म्हणे सूनबाईला घेऊन ईसीआरच्या किनारी रस्त्याने पाँडिचेरी. दीडशे किलोमीटर! वहिनींना काही बोललो नाही, त्यांचं बीपी तुला ठाऊक आहे. तुला मात्र स्पष्ट सांगतो, ती पट्टी निघेपर्यंत गाडी जागची हलवू नकोस.

अरे, इंजिनिअर ना तू? कॉलमच्या नळीतला वरचा बुश झिजला की स्टिअरिंगचा दांडा नळीत हलतो, चाक हातात डुलतं, खडखडतं. वैताग येतो, पण निदान कळतं तरी. पत्रा घातल्यावर कळायचं बंद होतं. तो हादऱ्यांनी खाली सरकतो, दांड्याशी आवळला की चाक जड होतं, वळण घेतल्यावर आपणहून सरळ येत नाही. नाहीतर शेजारून जाणाऱ्या इंडिकेटरच्या वायरींची सालं काढतो. हे सगळं ईसीआरवर, समोरून बस येत असताना व्हायला हवं का?

बरं, ही ढिलाई बुशचीच आहे हे तरी तपासलंस? चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाब. दांडा नळीत हलला तर बुश. पण चाक थोडं फिरूनही पुढचे टायर जागचे हलत नसतील, तर दुखणं खाली आहे: रबरी कपलिंग, टाय रॉड एंड, नाहीतर रॅक. आणि हेराल्डचा दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. धडकेत चालकाच्या छातीवर येण्याऐवजी आत जावा, म्हणून. ते तुकडे एका क्लॅम्पने धरलेले असतात. त्याचे बोल्ट, मधला ॲलन स्क्रू आणि त्यावरचा चेक नट पाहिलास? व्हिडिओत तर तू तिथवर पोचलेलाच दिसत नाहीस. पट्टीवर थांबलास.

गाडी मूळची तुमच्या चेन्नईचीच. स्टँडर्ड मोटर्सने १९६१पासून हेराल्ड मद्रासला बांधली. तू तिला चेन्नईला नेलीस तेव्हा दादा म्हणाला होता, ‘चालली माहेरी.’ लोक फियाट की अँबॅसिडर करत होते तेव्हा आबांनी ही घेतली. पंचवीस फुटांत वळते याचा त्यांना कोण अभिमान! पाहुणा आला की चहाआधी बोळात गाडी वळवून दाखवायची. रविवारी बोनेट मडगार्डसकट पुढे उलटं करून, टायरवर बैठक मारून ते हाक मारायचे, ‘ये रे, बॅटरी धर.’ मी अभ्यासाचं निमित्त काढून गच्चीवर. दादा धरायचा. पुढे माझा जन्म टूलरूममध्ये गेला, पण आबांना त्या गाडीतलं काय काय ठाऊक होतं ते विचारायचं राहिलं ते राहिलंच. तुझे हात ग्रीसने काळे झालेले दिसले, आणि खरं सांगू, रागावतानाही बरं वाटलं.

म्हणून नीट सांगतो. बुशला दोन गुंड्या असतात, त्या नळीच्या भोकांत टक्क बसल्या पाहिजेत. नाहीतर नवा बुशही सरकेल. काढण्याआधी चाक सरळ ठेवून खूण कर. रबराला साधं ग्रीस लावू नकोस, रबर फुगतं, सिलिकॉनचं आण. बुशसाठी पुदुपेट आणि जनरल पॅटर्स रोड पालथा घाल. नाही मिळाला तर इंग्लंडहून मागव. स्पिटफायर, व्हिटेस एकाच घराण्यातल्या, त्यामुळे हे बुश तिकडे अजून बनतात. लेथवर करून घ्यायचा मोह झाला तर नायलॉन नको. तुमच्या दमट हवेत ते पाणी पितं, फुगतं आणि दांडा धरून ठेवतं. डेल्रिन घे, आणि केसभर फट राहू दे. ‘एकदम टाइट’ हा शब्द स्टिअरिंगला लावायचाच नाही.

जास्त बोललो असेन. दादा असता तर त्याने हे हसत हसत सांगितलं असतं, मला ते जमत नाही. सूनबाईला म्हणावं, काका म्हातारे झालेत, त्यांचं मनावर घेऊ नकोस. तू मात्र घे. पाँडिचेरी रद्द करू नका. टॅक्सी करा, बिल मला पाठव, लाजू नकोस. गणपतीत याल तेव्हा आबांची पान्यांची पेटी घेऊन जा. माझ्याकडे ती नुसती पडून आहे, तुझ्या कामाला येईल.

आणि पट्टी काढलीस की तिचा फोटो ग्रुपवर नको, मला एकट्याला पाठव. रात्री अकरा वाजले तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका