शिक्षा संपल्यावर पुढे काय?

वाचन : लूक १५:११-३२



बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल अभिनेते संजय दत्त यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पाच वर्षांवर आणली. त्यांच्यासाठी राज्यपालांकडे माफीचा अर्ज गेला. संविधानाच्या कलम १६१ प्रमाणे राज्यपाल शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. २०१५ साली अर्ज नामंजूर झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिक्षा पुरी करून ते येरवड्यातून सुटले.

अमळनेरहून पाड्यांवर जाते तेव्हा लोक विचारतात, “ताई, गावठी कट्ट्यापायी आत गेलेल्याला माफी नाही मिळाली, तर त्याचं सगळंच गेलं का?” नाही. तुरुंगात मत देता येत नाही, सुटल्यावर देता येते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे आमदार-खासदारकीची निवडणूक लढवता येत नाही. पुढे तीही बंदी सरते.

कायद्याच्या बंदीला मुदत आहे. आपण घातलेल्या बंदीला मात्र नसते. मजुरीला बोलावणे नाही, पंगतीत पान नाही.

दाखल्यातला धाकटा मुलगा मजूर म्हणून राहायला तयार होता. बापाने त्याला झगा, अंगठी व जोडा दिला, म्हणजे पुत्राचा हक्कच परत दिला. थोरला भाऊ दाराबाहेर राहिला. तो आत गेला का, हे प्रभूने सांगितलेले नाही.

मनन : शिक्षा भोगून आलेल्या भावाला आपली मंडळी कोणते काम, कोणती जागा परत देईल?