घाटाच्या चढासाठी गिअरची निवड

प्रश्न : माझ्या सायकलीला पुढे ५० व ३४ आणि मागे ११ ते ३२ दात्यांची अकरा चक्रे आहेत. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीस जाताना कोणती जोडी लावावी?

उत्तर : पुढचे चक्र जितके लहान व मागचे जितके मोठे, तितका पायांवरचा भार हलका, हे सूत्र ध्यानी धरले म्हणजे पुष्कळसे कोडे उलगडते. ३४–३२ या जोडीने पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम सव्वादोन मीटर सरकते, तर ५०–११ ने सुमारे साडेनऊ. म्हणून चढ लागण्यापूर्वीच, पेडलवर जोर नसताना, साखळी ३४ वर उतरवून घ्यावी, आणि मिनिटास ७०–८० फेरे सुखाने पडतील अशा बेताने मागचे चक्र बदलत जावे. सर्वांत मोठे चक्र मात्र पहिल्याच वळणावर खर्ची न घालता शिल्लक ठेवावे. ५०–३२ ही तिरकस जोडी वर्ज्य समजावी, कारण तीत साखळी ताणून वाकडी चालते व अकाली झिजते. (दुकानदार बावीस गिअर सांगतात खरे, परंतु त्यांतील कित्येक जोड्या जवळजवळ सारख्याच भरतात.) वाईपर्यंतच्या सपाटीवर ५० बरोबर मागची मधली चक्रे पुरेत. परतीच्या उतारावर निघण्यापूर्वी मात्र गिअरची चिंता सोडून ब्रेक तेवढे तपासून घ्यावेत.