हवा काढली की चपटी होणारी खुर्ची

चाकणला तयार झालेल्या मोटारीत तुम्ही बसता, तेव्हा खाली पॉलियुरेथेनचा फेस असतो. पॉलिओल आणि आयसोसायनेट हे द्रव साच्यात एकत्र आले, की मिश्रणातल्या थोड्या पाण्यामुळे कार्बन डायऑक्साइड सुटतो व मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगून घट्ट होते.

गाएतानो पेशे या इटालियन रचनाकाराने १९६९ साली याच फेसाची ‘अप’ ही खुर्ची केली. आत सांगाडा नाही! हवा काढून तिचे आकारमान सुमारे एकदशांश करीत आणि हवाबंद पाकिटात भरीत. पाकीट उघडले की खुर्ची आपोआप फुगे. मला खुर्चीपेक्षा ते पाकीटच अधिक शिकवणारे वाटते.

तिला दाबले कोणी? वातावरणाने. हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे १ किलोग्रॅम-भार, म्हणजे ५० सेंमी. बाजूच्या चौरस गादीवर २५०० किलो! ६० किलोंचा माणूस १२०० चौ. सेंमी.वर बसला, तर त्याचा दाब याच्या विसाव्या हिश्श्याएवढाच. मग घरातली गादी चिरडत का नाही? फेसातील पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आतली हवाही तितक्याच जोराने बाहेर रेटते. पोकळ्या बंद राहिल्या, तर कोंडलेला गरम वायू निवताच गादी आक्रसते. म्हणून मोटारीच्या गाद्या साच्यातून काढल्यावर रुळांमधून दाबतात; पोकळ्यांचे पडदे फुटतात.

स्पंजचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड नळीभोवती दोऱ्याने आवळा. नळीने हवा ओढा. (पिशवी डोक्यात मात्र कधीही घालू नका.) नळी सोडल्यावर स्पंज किती सेकंदांत फुगतो? नळी चिमटीत धरून पिशवीला टाचणीचे एकच भोक पाडले तर?